जीपच्या हिरव्या रंगाखाली काय दडलंय?

जुनी जीप जपणारी मंडळी नेमकं काय जपतात, हा आपला आजचा प्रश्न.

१९४० साली अमेरिकी लष्कराला चारही चाकांवर जोर देणारी हलकी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम कंपनीने दिला. मोठं उत्पादन मात्र विलिस आणि फोर्डकडे गेलं. युद्ध सरताच, १९४५ मध्ये, विलिसने सीजे-२ए काढली, ती मुख्यतः शेतकऱ्यांसाठी. मागे उघडणारं फळकं आलं, म्हणून स्टेपनी बाजूला गेली. दिवे मोठे झाले आणि समोरच्या जाळीतल्या नऊ फटींच्या सात झाल्या. इंजिनाच्या जोरावर शेतातली यंत्रं चालवायची सोयही घेता येई.

आता बघा, हौशी लोक हीच शेतीची गाडी घेतात, लष्करी हिरवा रंग फासतात आणि बॉनेटवर पांढरा तारा काढतात. सैनिकांची आठवण ठेवायला आमची ना नाही. पण त्या रंगाखाली नांगराचा इतिहास पुसला जातो, त्याचं काय? मग ऑफ-रोडिंगच्या गप्पांतही डोंगर 'जिंकायचा' असतो. रस्ता सोडून शेतात शिरणं हे या गाडीचं रोजचं काम होतं, पराक्रम नव्हे.

मुंबईतही महिंद्राने विलिस जीपची जुळणी सुरू केली. तेव्हा आपल्याकडे तारा काढलेली जीप दिसली, तर आधी फटी मोजू या. सात निघाल्या, तर ती त्या युद्धातली नाही. मग मालकाला एवढंच विचारू या: हिने आयुष्यभर काम कुठलं केलं?