गेडिके : घर नसलेल्या वाद्याचा वादक

ऑर्गन म्हटले की मराठी वाचकाला प्रथम आठवतो तो संगीत नाटकातला ऑर्गन. रंगमंचाच्या पुढ्यात बसलेला वादक, पायांखालचा भाता आणि नांदीचा पहिला सूर, एवढे चित्र घरापासून शेकडो मैल दूर चाकरी करणाऱ्या आमच्यासारख्यालाही डोळे मिटताच दिसते. आज ज्या ऑर्गनविषयी लिहावयाचे आहे तो निराळा. त्यात पितळी रीडांऐवजी लहानमोठ्या नळ्यांचे अरण्य असते, उंचीने तो भिंतीशी स्पर्धा करतो आणि पश्चिम युरोपात त्याचे घर म्हणजे चर्च. रशियात बहुसंख्यांच्या देवघरात त्याला जागा मिळाली नाही. ऑर्थोडॉक्स उपासनेत मनुष्याच्या कंठालाच मान आहे, वाद्याला नाही. तेथे ऑर्गन वाजला तो लूथरपंथी आणि कॅथलिक मंडळींच्या चर्चमध्ये व पुढे संगीतसभागृहांत. अशा देशात ऑर्गनवादक म्हणून आयुष्य वेचणाऱ्या अलेक्झांडर फ्योदोरोविच गेडिके यांचे मोल कसे करावे, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

खरे सांगावयाचे तर त्यांची आमची ओळख झाली ती फारच क्षुल्लक निमित्ताने. बंगळुरास आमच्या सरकारी वसाहतीत शेजारची एक मुलगी पियानोच्या परीक्षेसाठी एकच छोटा तुकडा महिनाभर घोकीत होती. तो पुरता पाठ झाल्यावर (आम्हांस, तिला नव्हे) आम्ही कर्त्याचे नाव विचारले.

गेडिके १८७७ साली मॉस्कोत जन्मले. कुळ मूळचे जर्मन, वडील फ्योदोर हे ऑर्गनवादक व पियानोचे शिक्षक. मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत त्यांनी पाब्स्ट आणि साफोनोव्ह यांच्याकडे पियानोचे शिक्षण घेतले. रचनाशास्त्राचा रीतसर अभ्यासक्रम मात्र त्यांनी कधी पुरा केला नाही. आणि तरीही १९०० साली व्हिएन्नात भरलेल्या रुबिनस्टाइन स्पर्धेत त्यांना पारितोषिक मिळाले ते रचनेसाठीच. १९०९ साली ते त्याच कॉन्झर्व्हेटरीत प्राध्यापक झाले, आणि तेथून ते हलले नाहीत. महायुद्ध झाले, क्रांती झाली, राज्ययंत्र बदलले, पुन्हा महायुद्ध झाले. १९५७ साली मृत्यू आला तोही मॉस्कोतच.

१९०१ साली उघडलेल्या कॉन्झर्व्हेटरीच्या मोठ्या सभागृहात पॅरिसच्या कॅव्हाये-कोल कारखान्याचा ऑर्गन बसविण्यात आला. तीन हातपट्ट्या, एक पायपट्टी आणि पन्नास स्वरभेद, असा त्याचा पसारा. रेल्वेच्या धंद्यात गबर झालेल्या फोन डेर्विझ घराण्यातील सर्गेई यांनी तो देणगीदाखल दिला, आणि फ्रान्सचे विदोर यांनी तो प्रथम वाजविला. १९२०च्या सुमारास गेडिके यांनी ऑर्गनचा वर्ग हाती घेतला आणि पुढे याच वाद्यावर त्यांची कारकीर्द उभी राहिली. त्यांच्या कार्यक्रमांचा कणा बाख हा होता. येथे थोडे थांबले पाहिजे. नव्या राजवटीने धर्माशी उघड वैर मांडले होते, चर्चेस बंद पडत होती. आणि त्याच राजधानीत, तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांपुढे, लूथरपंथी उपासनेतून जन्मलेले बाखचे संगीत वाजत होते. देव वगळून उरलेले ते संगीत होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. संगीताला आपल्या आश्रयदात्याहून अधिक ठाऊक असते, आणि ते बोलून दाखविण्याची त्याला गरज नसते. अर्थात वादकालाही नसते, हे राजवटीला सोयीचे पडले असेल. १९४७ साली त्यांना स्तालिन पारितोषिक मिळाले.

रचनाकार या नात्याने त्यांचे स्थान कोणते? तीन सिंफनी, ‘विरिनेया’पासून १९४४ च्या ‘मॅकबेथ’पर्यंतचे चार ऑपेरा, ऑर्गनसाठी कॉन्सर्टो, असा त्यांचा संसार मोठा आहे. परंतु त्यांच्या समकालीनांनी स्वरांची घडी विस्कटून नवी घालण्याचा प्रयत्न चालविला असता गेडिके यांनी जुन्या घडीवर इस्त्री फिरविली, असे कोणी म्हटल्यास त्याच्याशी आम्ही भांडणार नाही. ऑपेरे आज गायिले जात नाहीत, आणि त्यात कोणावर अन्याय झाला असेही आम्ही म्हणणार नाही. मात्र तुतारीवादकाला ‘कॉन्सर्ट एट्यूड’ विचारून पाहावे! ट्रंपेटसाठी लिहिलेली ही लहानशी, घाईघाईने धावणारी रचना जगभरचे विद्यार्थी वाजवितात. तीत जुनेपणा आहे, पण शिळेपणा नाही. या दोहोंतील भेद टीकाकार फार वेळा विसरतात.

गेडिके यांचे आतेभाऊ निकोलाय मेट्नर यांची गोष्ट शेजारी ठेवली म्हणजे चित्र पुरे होते. मेट्नर यांना लहानपणी पियानो शिकविला तो याच फ्योदोर मामांनी. मेट्नर १९२१ साली रशिया सोडून गेले आणि अखेर लंडनला स्थिरावले. उतारवयात त्यांना आश्रय मिळाला तो म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांचा. महाराजांच्या पैशावर त्यांच्या रचना ध्वनिमुद्रित झाल्या, आणि तिसरा पियानो कॉन्सर्टो त्यांनी महाराजांनाच अर्पण केला. ज्याने घर सोडले त्याचा सूर असा म्हैसूरच्या दानावर टिकला. जो घरी राहिला त्याचा शिष्यांच्या बोटांवर. रॉइझमान आणि ग्रोडबर्ग हे पुढील पिढीचे नामांकित ऑर्गनवादक गेडिके यांच्याच वर्गातले. मेट्नर हे अधिक मोठे रचनाकार, यात आम्हांस शंका नाही. पण मॉस्कोत ऑर्गनची परंपरा अखंड राहिली ती दुसऱ्या भावामुळे, आणि संगीताच्या इतिहासग्रंथांत या कामाला स्वतंत्र प्रकरण मिळत नाही, ही आमची तक्रार आहे.

वाचकांना गेडिके ऐकावयाचे असल्यास सिंफनीपासून आरंभ करू नये. नवशिक्यांसाठी लिहिलेले ओपस ३६ मधील साठ सोपे तुकडे प्रथम घ्यावेत. त्यांत डाव्या हाताला केवळ साथ करण्यास बसविलेले नाही, त्यालाही स्वतःचे काही म्हणावयाचे असते. ऑर्गनवर जन्म घालविलेल्या माणसाची ती सवय आहे. मग ट्रंपेटची रचना, आणि त्यानंतर ऑर्गन. शेजारची मुलगी परीक्षेत उत्तीर्ण झाली, आणि आता भिंतीपलीकडून दुसऱ्याच कोणाचा तुकडा ऐकू येतो.