‘उपलब्ध’ या शब्दाची व्याप्ती : मावळातील जलविद्युत् आणि विश्वसनीयतेचे गणित

वीजपुरवठ्याची विश्वसनीयता संभाव्यतेच्या आधारे मोजण्याच्या पद्धतीस काल्याब्रेसे यांच्या १९४७ च्या निबंधाने व्यवस्थित रूप दिले. प्रत्येक निर्मितीसंच ‘उपलब्ध’ किंवा ‘बंद’ अशा दोनच अवस्थांत असतो आणि एकाच्या बिघाडाचा दुसऱ्याशी संबंध नसतो, ही या पद्धतीची मूळ गृहीतके होत. एक संच बंद असण्याची संभाव्यता पन्नासात एक धरली, तर दोन संच एकाच वेळी बंद असण्याची संभाव्यता अडीच हजारांत एक येते. राखीव क्षमता किती ठेवावी, या प्रश्नास अंदाजाऐवजी गणिताचे उत्तर मिळाले, हे या पद्धतीचे श्रेय निःसंशय मोठे आहे.

परंतु मावळात ही गृहीतके कितपत टिकतात? लोणावळे, वळवण व शिरोता येथील तलावांच्या पाण्यावर घाटाखालचे खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये उभे राहिले. ठोकळवाडीच्या पाण्यावर १९२२ मध्ये भिवपुरीचे. यंत्रे निरनिराळी, पण पाऊस एकच. तो कमी पडला तर दोन्ही केंद्रांची ऊर्जा एकदमच घटते आणि वरील गुणाकार लागू पडत नाही.

पुढील अभ्यासकांनी समान कारणाने येणारे बिघाड व मर्यादित ऊर्जेचे संच यांचा विचार केला आहे, हे मान्य केले पाहिजे. शिवाय तलावातील तूट यंत्राच्या बिघाडासारखी अकस्मात येत नाही. पावसाळा सरताच ती कळते आणि वाढत्या मागणीच्या वेळेसाठी पाणी राखता येते. तथापि निसर्गाखेरीज आणखी एक बंधन आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७६ च्या निवाड्यात टाटा जलविद्युत् योजनांसाठी वरच्या भीमा खोऱ्यातून पश्चिमेस वळविण्याच्या पाण्यास एका वर्षात ५४.५ आणि सलग पाच वर्षांत २१२ अब्ज घनफूट अशी मर्यादा घातली. वार्षिक कमाल पाचही वर्षे वापरल्यास बेरीज २७२.५ होते. अर्थात एका वर्षीची जादा उचल पुढील वर्षांतून वजा होते. यंत्र सज्ज, तलाव भरलेला, परंतु पाणी सोडण्याची मोकळीक नाही, अशी अवस्था त्यामुळे संभवते. तिला ‘उपलब्ध’ म्हणावे की ‘बंद’?

येथे ‘उपलब्ध’ हा शब्द केवळ यंत्राचा गुण सांगत नाही. यंत्र, तलाव आणि पाण्याचा वाटा यांचा परस्परसंबंध सांगतो. पश्चिमेस वळलेले पाणी भीमेच्या खोऱ्यास मिळत नाही. म्हणून विश्वसनीयतेचा आकडा मांडताना ती कोणाच्या पुरवठ्याची आणि कोणाच्या पाण्यावर, हेही त्यासोबत मांडणे आवश्यक ठरते.