विकत घेतलेला खेळ कोणाचा?

'द क्रू' हा मोटारशर्यतींचा व्हिडिओ गेम फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणला आणि ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला. मासिक बंद पडावे तसे हे बंद पडणे नव्हे. मासिक बंद पडले तरी जुने अंक घरात राहतात आणि वाचता येतात. इथे ज्यांनी पैसे मोजले, ज्यांच्या कपाटात खेळाची डिस्क आजही आहे, त्यांनाही तो खेळता येईना. त्यामुळे ज्या कृतीविषयी मी लिहितो आहे ती मला स्वतः खेळून पाहता आलेली नाही. खेळाडूंनी पूर्वी करून ठेवलेल्या चित्रफिती पाहूनच मत बनवावे लागले. जुन्या संगीत नाटकांविषयीही आपण ऐकीव माहितीवरच बोलतो, हे खरे. पण नाटकाचे तिकीट काढणाऱ्याला ते एका रात्रीपुरते आहे हे ठाऊक असते. हा खेळ वस्तू म्हणून विकला गेला होता.

आधी खेळाच्या गुणदोषांविषयी. कथानक अगदी बेताचे. ॲलेक्स टेलरच्या थोरल्या भावाचा खून होतो, आळ ॲलेक्सवर येतो, आणि तुरुंगातून सुटल्यावर तो खऱ्या गुन्हेगाराचा सूड घेण्यासाठी मोटारशर्यती करणाऱ्या टोळीत शिरतो. सत्तरच्या दशकातला हिंदी चित्रपट पाहिलेल्या कोणालाही पुढचे सांगायला नको. पात्रे सपाट आहेत, संवादांत जीव नाही. मात्र या खेळाचे खरे सामर्थ्य कथेत नव्हतेच, ते नकाशात होते. अख्खी अमेरिका लहान करून तिथे मांडली होती. न्यूयॉर्कहून निघावे, शिकागो, डोंगर, वाळवंट मागे टाकत कुठेही न अडता पश्चिम किनाऱ्याला पोहोचावे. शर्यत जिंकण्यापेक्षा असे उगाच भटकण्यासाठीच अनेक जण तिथे जात. प्रवासवर्णने वाचून जग पाहिलेल्या आमच्या पिढीला या ओढीचे नवल वाटू नये.

मग तो बंद का पडला? कंपनीने सर्व्हरची व्यवस्था आणि परवान्यांच्या अडचणी ही कारणे दिली. ती समजून घेतली पाहिजेत. हा खेळ एकट्याने खेळायचा असला तरी कंपनीच्या यंत्राशी सतत जोडलेला राहावा लागे. ते यंत्र चालवायला पैसा लागतो. कोणत्याही व्यापाऱ्याने तोट्यातले दुकान कायम उघडे ठेवावे असे कोणी म्हणणार नाही. खेळाडूंचेही तसे म्हणणे नाही. रॉस स्कॉट या अमेरिकन गृहस्थाने एप्रिल २०२४ मध्ये या प्रश्नावर मोहीम सुरू केली. तिची मागणी एवढीच, की दुकान बंद करताना विकलेला माल चालू अवस्थेत गिऱ्हाइकाच्या हाती ठेवून जा. युरोपीय संघाकडे केलेल्या या मागणीवरील सह्यांनी जुलै २०२५ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला. असे करणे तंत्रदृष्ट्या अशक्य आहे म्हणावे, तर त्याच वर्षी काही हौशी मंडळींनी स्वतःच सर्व्हर उभारून 'द क्रू' पुन्हा चालवून दाखवला. आणि कंपनीनेही टीकेनंतर, याच मालिकेतले पुढचे खेळ इंटरनेटशिवाय चालतील अशी सोय करण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले.

माझ्या मते खरा वाद एका क्रियापदाचा आहे. पडद्यावरच्या बटणावर 'विकत घ्या' असे लिहिलेले असते. करारात मात्र आपल्याला केवळ वापरण्याचा परवाना दिलेला असतो, आणि तो परत घेता येतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली एका कादंबरीच्या खटल्यात सांगितले होते, की पुस्तक एकदा विकले की ते पुढे कोणत्या भावाने विकावे हे प्रकाशकाला ठरवता येणार नाही. छापील पुस्तकाची मालकी त्या तत्त्वावर उभी आहे. कॅलिफोर्निया राज्याने आता, १ जानेवारी २०२५ पासून, डिजिटल वस्तू विकताना हा केवळ परवाना आहे असे ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी' हा शब्द वापरण्यास मनाई केली आहे. कायद्याने हक्क दिला नाही. निदान शब्द तरी खरा करायला लावला.

आपल्या भागातल्या वाचकाला हे अमेरिकेतून शिकण्याची गरज नाही. मालकी कोणाची आणि वहिवाट कोणाची, यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. 'कसेल त्याची जमीन' आणि 'उळुववने होलदोडेय' ही घोषणा आपण दोन्ही भाषांत ऐकली. कर्नाटकात १९७४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अनेक कुळांना सातबाऱ्यावर आणले. आजचा खेळाडू हा त्याआधीचा कूळ आहे. खंड आगाऊ भरलेला, आणि धनी म्हणेल तेव्हा बांधावरून उतरायचे. फरक इतकाच, की कुळाला आपण कूळ आहोत हे माहीत होते.

आमच्या शिक्षककक्षात हा विषय निघाला तेव्हा एक सहकारी म्हणाले, "सर, बंद पडला ते बरेच झाले. पोरं अभ्यासाला तरी बसतील." मुलांचे तासन्‌तास या पडद्यापुढे जातात ही तक्रार माझीही आहे, आणि ती मी रोज पालकांपुढे मांडतो. पण एखादी गोष्ट आपल्याला आवडत नाही म्हणून ती नाहीशी व्हावी, हा न्याय धोक्याचा आहे. चित्रपटही एके काळी हलकी करमणूकच मानला जाई. परिणाम असा, की फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चा आज काही भागच शिल्लक आहे, आणि १९३१ च्या 'आलम आरा'ची एकही प्रत उपलब्ध नाही. व्हिडिओ गेमच्या इतिहासाचे जतन करणाऱ्या एका अमेरिकन संस्थेने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात मिळत नाहीत असे आढळले.

आणि प्रश्न खेळापुरता राहिलेला नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' ही पुस्तके अनेक ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकली. ज्याने ती विक्रीला ठेवली त्याच्याकडे हक्कच नव्हते, हे कारण योग्य होते. पैसेही परत दिले गेले, पुढे मालकांनी माफीही मागितली. तरीही विकलेले पुस्तक वाचकाच्या घरातून न विचारता नेता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात बंद पडलेल्या कितीतरी मराठी मासिकांचे बांधीव खंड आहेत. त्यांचे संपादक गेले, छापखाने गेले, काहींच्या इमारतीही उरल्या नाहीत. तरी नववीतला मुलगा आजही तो खंड उघडून वाचू शकतो. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांचे बरेचसे वाङ्मय असेच टिकले आहे. नवी पिढी पुस्तक, गाणे, चित्रपट, खेळ सारे पडद्यावरच घेणार, त्याला इलाज नाही आणि हरकतही नाही. मात्र यंदाच्या सुट्टीत मुलाने एखाद्या खेळासाठी पैसे मागितले, तर 'कितीला?' एवढेच न विचारता 'किती दिवसांसाठी?' हेही त्याला विचारावे. बहुधा त्याला उत्तर देता येणार नाही, आणि मग दोघांनी मिळून तो करार वाचून पाहावा.