दुहेरीचे मोल

सानिया मिर्झावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. आधी तिच्या स्कर्टवर, मग लग्नावर. खेळावर त्या मानाने थोडेच. त्यातही एक सूर ठरलेला : एकेरी जमली नाही, म्हणून दुहेरी.

हा सूर तपासायला हवा. २००७ साली ती एकेरीत जगात सत्ताविसावी होती. त्यापुढे एकही भारतीय महिला गेलेली नाही. दुखापती, शस्त्रक्रिया सोसून २०१३ मध्ये तिने एकेरी सोडली. दुहेरीत सहा ग्रँड स्लॅम मिळवली : तीन मिश्र, तीन मार्टिना हिंगिससोबत. २०१५ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात निर्णायक सेटमध्ये ही जोडी २-५ ने मागे होती. तो सेट तिने ७-५ असा जिंकला. एकीचा फोरहँड, दुसरीची नेटजवळची चपळाई. याला दुय्यम कसे म्हणावे?

आम्ही कळंब्याचे लोक कुस्तीच्या मुलखातले. एकट्याने मारलेले मैदान आम्हाला चटकन कळते. पण फुटबॉलमधल्या अचूक पासलाही हेच कोल्हापूर दाद देते. दुहेरीलाही तीच नजर लावावी.

'एस अगेन्स्ट ऑड्स' हे तिचे २०१६ चे इंग्रजी आत्मचरित्र. त्यात सामने भरपूर आहेत. जोडीदाराशी सूर जुळतो कसा, हे मात्र हवे तेवढे उलगडत नाही. तरी लेखनात वडील इम्रान मिर्झा सोबत आहेत, हे मला मोलाचे वाटते. आमच्या उर्दू शाळेतल्या मुलींना एकटीने जग जिंकल्याची गोष्ट टाळ्यांपुरती पुरते. दहावीनंतर शिकायचे, तर घरातले कुणीतरी बाजूला उभे लागते.