जेट-स्कीवरची गरी

न्यूझीलंडमध्ये ऑकलंड शहराला लागून हाउराकीचं आखात आहे. सुट्टीच्या दिवशी पहाटे तिथल्या धक्क्यांवर मोटारीमागच्या ट्रेलरवरून होड्या पाण्यात उतरतात, आणि त्यांच्या रांगेत हटकून जेट-स्कीही असतात. आपल्याकडे जेट-स्की म्हणजे किनाऱ्यावर पाच मिनिटांची फेरी. तिथे तिच्यावर मागे बर्फाची पेटी, बाजूला गळकाठ्या आणि पुढे पाण्याखालचा तळ दाखवणारा पडदा लावलेला असतो. स्वार एकटा. किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर आत जाऊन तो इंजिन बंद करतो, कापडी नांगर सोडतो आणि प्रवाहाबरोबर वाहत गरवायला बसतो.

पालघर जिल्ह्यातल्या सातपाटी, मुरबे, नवापूर, चिंचणी, वरोर या गावांतून परदेशी गेलेल्या माणसाला हे दृश्य परकं वाटणार नाही. एकट्यादुकट्याने छोटी होडी काढून गरीने मासा धरणं ही या किनाऱ्याची जुनी कला. होड्यांना यंत्रं बसली, नायलॉनची जाळी आली, तशी ती बाजूला पडत गेली. पोट भरायला डोल आणि दालदी जाळी लागतात, त्यात गैर काहीच नाही. सातपाटीचं नाव झालं तेही जाळ्यातल्या पापलेटमुळे, आणि सप्टेंबर 2023 मध्ये राज्याने याच पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. पण हाताला दोरीची ओढ जाणवून मासा कोणता आहे हे ओळखणारी बोटं आता आपल्या किनाऱ्यावर कमी उरली आहेत. दूर ऑकलंडला, डर्बनजवळच्या लाटांमध्ये किंवा ब्रिस्बेनच्या मोरटन उपसागरात ती बोटं तयार होत आहेत, आणि तीही केवळ हौसेपोटी. याचं कौतुक मनापासून करायला हवं.

ही हौस कंपन्यांनी जन्माला घातलेली नाही. न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांनी आधी घरीच चौकटी जोडून जेट-स्कीवर पेट्या बांधल्या. कंपन्या नंतर जाग्या झाल्या. सी-डू या ब्रँडखाली 2019 सालासाठी ‘फिश प्रो’ हे मॉडेल आलं. त्यात 51 लिटरची बर्फपेटी, 70 लिटरची इंधनटाकी, बसून गरवता यावं म्हणून नेहमीपेक्षा 29 सेंटिमीटर लांब मागचा पाट आणि गळ ओढत हळू चालण्याची सोय होती.

तळ दाखवणारं यंत्र कितीही चांगलं असलं तरी मासा त्याला दिसतो तो माशाच्याच देहामुळे. पडद्यावर उमटणारी कमान ही बहुतांशी माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून परतलेल्या आवाजाची खूण असते. ही पिशवी पालघरला चांगलीच ठाऊक आहे. ऑगस्ट 2021 मध्ये मुरब्याच्या एका होडीला वाढवणच्या समुद्रात 157 घोळ मासे मिळाले आणि त्यांचा लिलाव सुमारे 1 कोटी 33 लाखांना गेला, तो मुख्यतः या पिशवीच्या किमतीमुळे. तीच पिशवी थरथरवून घोळ पाण्याखाली आवाज करते. सुरमईला मात्र ती नसते, त्यामुळे पडद्यावर सुरमई पुसट दिसते. मग जुनीच नजर कामी येते: पक्षी कुठे झेपावतात, पाण्याचा रंग कुठे बदलतो, छोटी मासळी कुठे उसळते. कसलेला जेट-स्कीवाला पडद्याइतकाच आकाशाकडे पाहतो.

भरती-ओहोटीच्या ज्ञानात तर आपल्या किनाऱ्याने कुणाची शिकवणी लावायला नको. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. कोकणपट्टीवरच्या कोळी, मांगेला, वैती घरांतली पोरं हे तोंडी शिकत आली. परदेशात हा गुणाकार जसाच्या तसा चालत नाही, कारण दर बंदराची वेळ निराळी. पण अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा भांग बहुतेक ठिकाणी सारखाच. उधाणात प्रवाह जोराचा, तेव्हा वजन जड लावायचं; भांगात पाणी मंद, तेव्हा हलकी गरीही तळाला पोचते. हे ज्याला उपजत कळतं, त्याला काठी आणि रिळ आठवडाभरात हाताळता येतं.

हीच हौस उद्या केळवे-चिंचणीला आली तर? ओहोटीला इथला समुद्र दूरवर हटतो. जेट-स्कीचा पंप पाणी आत ओढून मागे फेकतो; उथळ पाण्यात तो वाळूही ओढतो आणि जाळ्याची दोरीही. डोलीचे खुंट आणि दालदी जाळ्यांचे तरंगते बोये ओळखता येत नसतील तर या पाण्यात वेगाने शिरूच नये. जाळं फाटलं तर एका कुटुंबाचा हंगाम बुडतो. आधीच नवापूरच्या किनाऱ्यावर औद्योगिक सांडपाण्याचा प्रश्न आहे, त्यासाठी अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला हरित लवादाचं दार ठोठावावं लागलं. वाढवणच्या बंदराची पायाभरणीही 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली आहे. या पाण्यात उतरणाऱ्या हौशी माणसाने आधी सातपाटीच्या एखाद्या तांडेलाबरोबर दोन भरत्या काढाव्यात, मग स्वतःची किल्ली फिरवावी.

न्यूझीलंडने मात्र शिस्त चोख बांधली आहे. किनाऱ्यापासून 200 मीटरच्या आत वेग 5 नॉटपेक्षा जास्त नको. हाउराकीत स्नॅपर हा तांबूस मासा माणशी दिवसाला सात, तोही 30 सेंटिमीटरपेक्षा लहान नको. हौशी माणसाने धरलेला मासा विकायचा नाही. घरात खायचा, नाहीतर वाटायचा.

आणि वाटण्यातही काय काय वाटायचं, हे तिथे नव्याने ठरलं. बरेच हौशी मच्छीमार स्नॅपरचे काप काढून डोकी नि काटे टाकून देत. 2016 मध्ये ऑकलंडच्या दक्षिण भागातल्या पापाटुआनुकू कोकिरी या माओरी मराएच्या, म्हणजे सभास्थानाच्या, सहभागाने ‘काई इका’ हा उपक्रम सुरू झाला. तिथल्या बोटिंग क्लबमधून आणि इतर ठिकाणांहून ही डोकी गोळा होतात आणि माओरी व मूळच्या पॅसिफिक बेटांवरच्या कुटुंबांना दिली जातात, कारण त्यांच्या लेखी डोकं हाच माशाचा उत्तम भाग. घोळीच्या डोक्याचं कालवण खाऊन वाढलेल्या पालघरच्या माणसाला हे कुणी समजावून सांगायला नको.