अरुणोदयापूर्वीचा अंधार

मराठीतील ख्रिस्ती आत्मकथनांचा विचार आजवर प्रायः दोन दृष्टींनी झाला आहे. एक दृष्टी त्यांना धर्मप्रचाराचे साधन मानते आणि वाङ्मयाच्या दालनात बिचकतच प्रवेश देते. दुसरी त्यांतून एकोणिसाव्या शतकातील सणवार, व्रतवैकल्ये व रूढी यांची माहिती वेचून घेते. या दोहोंच्या हातून एक गोष्ट निसटते. घरदार व जात यांना पारखे करणारे पाऊल या माणसांनी उचलले, त्या क्षणी त्यांच्या मनाची अवस्था काय होती आणि ती लेखनात कितपत उतरली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः या ग्रंथांचे वाङ्मयीन मोल ठरविण्यास हाच प्रश्न अधिक उपकारक आहे.

प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येण्यासाठी त्या काळी धर्मांतराची किंमत काय होती, हे आठवले पाहिजे. १८५० च्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क अबाधित ठेवला. पण आईचा ओटा, पंगतीतील पाट आणि विहिरीवरचे पाणी कोणताही कायदा परत मिळवून देऊ शकत नव्हता. अशा स्थितीत मनातील शेवटची शंका फिटेपर्यंत थांबावे, की शंका उराशी घेऊनच उंबरा ओलांडावा? मराठी ख्रिस्ती परिभाषेत श्रद्धेसाठी रूढ असलेला शब्द ‘विश्वास’ हा आहे. सावकार ऋणकोवर किंवा प्रवासी नावाड्यावर जो ठेवतो, तोच हा शब्द. पुराव्याची पूर्तता होण्याआधी स्वतःला दुसऱ्याच्या हाती सोपविणे, हा भाव त्यात मुळातच आहे. मार्कच्या शुभवर्तमानातील आजारी मुलाचा बाप आपला विश्वास आणि आपला अविश्वास एकाच दमात कबूल करतो. ख्रिस्ती परंपरेने ही कबुली पाखंड म्हणून टाकून दिलेली नाही; प्रार्थना म्हणून जतन केली आहे.

या कसोटीवर प्रथम बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ (१८८८) घ्यावे. बेळगाव येथे १८३१ मध्ये जन्मलेल्या बाबांनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. बालपणीच्या देवधर्माचे त्यांनी केलेले वर्णन तपशीलवार आहे, आणि टाकून दिलेल्या जगाविषयीची आपुलकी त्यातून लपत नाही. ग्रंथाचा सर्वांत जिवंत भाग मात्र मधल्या काळाचा, म्हणजे बुद्धीला पटले आहे पण पाऊल उचलत नाही त्या वर्षांचा आहे. याच काळात त्यांचा संबंध १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस मंडळीशी आला. जातिभेद खोटा आहे, याविषयी तेथे कुणाला संशय नव्हता. सभासद निषिद्ध अन्न एकत्र बसून खात, परंतु दार लावून. सभासदांची यादी चोरीस गेल्यावर १८६० च्या सुमारास मंडळी विस्कटली. मतांची खात्री आणि धैर्य या दोन निराळ्या वस्तू आहेत, याचे याहून बोलके उदाहरण त्या शतकात शोधूनही सापडणार नाही.

बाबांना हा भेद उमगला होता. तरीही ‘अरुणोदय’ची रचना त्याला पुरता न्याय देत नाही. ग्रंथाच्या नावातच उजाडल्याची ग्वाही आहे. अंधाराचे वर्णन करणारा निवेदक सूर्य वर आल्यावर लिहीत असतो, आणि आपण चाचपडत होतो ती वाट बरोबरच होती, हे त्याला ठाऊक असते. प्रत्येक शंकेपाठोपाठ तिचे निरसन येते. याचा दोष सर्वस्वी लेखकाकडे जात नाही. उंबऱ्याशी घुटमळणाऱ्या तरुणांसाठी तो लिहीत होता, आणि घुटमळणाऱ्याला वाटाड्या हवा असतो. पण वाटाड्याची भाषा स्वीकारताच वाटसरूची धडधड मंदावते, ही त्या लेखनाची मर्यादा मान्य केली पाहिजे.

पंडिता रमाबाईंच्या लेखनात हा क्रम उलटा आहे. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यानंतरची त्यांची पत्रे १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या पत्रांतून दिसणारी बाई नवशिक्या भक्तिणीसारखी नाही. त्रैक्याच्या सिद्धांतावर ती आक्षेप घेते, गुरुस्थानी असलेल्या भगिनींशी वाद घालते आणि विवेकाचे स्वातंत्र्य कुणाच्या स्वाधीन करण्यास साफ नकार देते. पुढे १९०७ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या ‘साक्षी’त त्यांनी त्याहून धीट कबुली दिली : बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त लाभला नव्हता, असा तिचा आशय आहे. ज्या पावलासाठी स्वदेशी निंदेचा वर्षाव सोसला, ते पाऊल आपण अपुऱ्या जाणिवेने उचलले होते, असे जाहीरपणे सांगणे सोपे नव्हे. रमाबाईंचे पहिले धाडस समाजाविरुद्ध होते. हे दुसरे स्वतःच्या कीर्तीविरुद्ध आहे, आणि म्हणूनच त्यांच्या साक्षीला वजन आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’कडे वळताच सिद्धांतांची भाषा मागे पडते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली वर्षे हा या ग्रंथाचा गाभा होय. पतीकडे परत आल्यावरही त्यांनी सोवळे लगेच सोडले नाही. जात माणसाने केली की देवाने, या एकाच प्रश्नाशी त्यांचे मन झगडत राहते. उत्तर सापडताच त्या कुणाच्याही हातचे पाणी घेण्यास तयार होतात, तेही बाप्तिस्म्याच्या आधी. येथे ग्रंथाचा आरंभ आठवावा. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याचा त्यांच्या वडिलांचा अट्टाहास तेथे वर्णिला आहे. वाचक तो विनोद म्हणून वाचतो आणि पुढे जातो. पण जिच्या बालपणावर या धुण्याची सावली पडली, तिने परक्या हातचे पाणी पिणे म्हणजे काय, हे पुढे उमगते तेव्हा त्या विनोदाची खोली कळते. तत्त्वज्ञाच्या संशयाला जे स्थान ग्रंथात असते, ते येथे पाण्याच्या पेल्याला आहे.

‘स्मृतिचित्रां’चे यश लेखिकेच्या भाबडेपणात किंवा नर्मविनोदात आहे, असे म्हणण्याची प्रथा पडली आहे. ती अपुरी आहे. आपण तेव्हा काय समजत नव्हतो, ते लक्ष्मीबाईंनी नंतरच्या समजुतीने झाकले नाही, हे त्या यशाचे खरे कारण. काळाचे अंतर येथे निर्णायक ठरत नाही. बाबांचा बाप्तिस्मा आणि ‘अरुणोदय’ यांत ३४ वर्षांचे अंतर आहे. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा आणि १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग यांतही तेवढेच. फरक आहे तो आठवणींकडून काय अपेक्षा करावयाची याचा. एकाने त्यांच्याकडे निष्कर्ष मागितला, दुसरीने त्यांना बोलू दिले.

धैर्य एकदाच दाखवून संपत नाही, याची साक्ष स्वतः टिळकांच्या चरित्रात आहे. वीस वर्षांहून अधिक काळ मिशनच्या आश्रयाने काम केल्यावर १९१७ मध्ये त्यांनी ती पगारी चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, अशी कल्पना होती. १९१९ मध्ये टिळक वारले आणि प्रयोग अपुरा राहिला. तरीही, ज्या चौकटीत शिरण्यासाठी एकदा सर्वस्व पणाला लावले, तीच चौकट उत्तरवयात पुन्हा प्रश्नांकित करण्याचे बळ त्यांच्या विश्वासातून आले, हे नाकारता येत नाही. संशय तेथे विश्वासाचा वैरी राहिला नव्हता. तो त्याला एका जागी बसू देत नव्हता.

तेव्हा धार्मिक आत्मकथनाला निराळी कसोटी लावणे युक्त ठरेल. लेखक कोणत्या देवापाशी पोहोचला, हे समीक्षेने ठरवावयाचे नाही. तो निघाला तेव्हा त्याला काय दिसत नव्हते, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितले की नाही, एवढे तिने पाहावे. ही कसोटी ख्रिस्ती लेखनापुरती नाही. श्रद्धेने घर सोडणाऱ्याला जशी ती लागते, तशीच श्रद्धा गमावून घरातच राहणाऱ्यालाही लागते. आणि मराठीत या दुसऱ्या प्रकारचे प्रांजळ आत्मकथन अजून विरळाच आढळते.