कोंबडी कोणती, ते आधी सांगा

'फ्रॉम स्क्रॅच' हा शब्द हल्ली पाककृतींमध्ये फार मिरवतो. मराठी व्हिडिओंत तो 'सगळं घरीच, अगदी शून्यापासून' असा येतो. स्क्रॅच म्हणजे मुळात शर्यतीत जमिनीवर ओढलेली रेघ. दुबळ्या धावपटूंना काही पावलं पुढून सुरुवात करायची सवलत मिळायची. ज्याला सवलत नाही, तो त्या रेघेवरून धावायचा. मला हा शब्द ऑफिसातून ओळखीचा आहे. आमच्याकडे कुणी 'हे मी स्क्रॅचपासून लिहिलंय' म्हणालं की शेजारचा विचारतो, "बरं, डिपेन्डन्सी किती आहेत?" म्हणजे तुझा कोड चालायला दुसऱ्या कुणाचं काय काय आधीपासून तिथं असावं लागतं? बहुतेक वेळा यादी लांबलचक निघते.

गेल्या पावसाळ्यात मी हाच प्रश्न एका पदार्थाच्या पाककृतींना विचारला. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतला 'चिकन अँड डम्पलिंग्ज'. आठ-दहा पाककृती एकीशेजारी एक ठेवून वाचल्या आणि पदार्थ दोनदा करून पाहिला. हा लेख त्या पदार्थापेक्षा त्या लिखाणाबद्दल आहे. पाककृती हे लेखनच असतं आणि त्याची समीक्षा क्वचितच होते. 'छान झालं, धन्यवाद' यापलीकडे आपण जात नाही.

आधी पदार्थ सांगतो. अख्खी कोंबडी कांदा, गाजर, सेलरी, तमालपत्र आणि मिरी घालून पाण्यात मंद शिजवायची. मांस हाडांपासून सोडवायचं, रस्सा गाळायचा आणि त्या उकळत्या रश्श्यात मैद्याची डम्पलिंग्ज सोडायची. त्यांचे दोन पंथ आहेत. एक लाटणाऱ्यांचा: मैदा, मीठ, थोडी चरबी आणि रस्सा किंवा पाणी घालून मळायचं, पातळ लाटायचं, पट्ट्या कापायच्या. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात याला 'चिकन अँड पेस्ट्री' म्हणतात. दुसरा फुगवणाऱ्यांचा: मैद्यात बेकिंग पावडर आणि ताक घालून सैलसर गोळे चमच्याने रश्श्यावर सोडायचे, झाकण ठेवायचं आणि पंधरा मिनिटं ते उघडायचं नाही.

कराड-सातारा भागातल्या कुणाला हे वाचून ओळखीचं वाटलं असेल, तर बरोबर आहे. तिखट रस्सा करायच्या आधी पोरांसाठी वाटीत काढतात ते अळणी आणि आमटीत सोडलेल्या चकोल्या. हा पदार्थ आमच्या घरी होताच, फक्त दोन वेगळ्या पातेल्यांत.

पहिल्यांदा मी पुण्यात भाड्याच्या फ्लॅटवर तो केला. निवडलेली पाककृती जुन्या वळणाची होती, 'आजीच्या पद्धतीने' असं बिरुद लावलेली. एक कोंबडी, मंद आचेवर तीन तास. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून दीड किलोची कोंबडी आणली आणि टायमर लावला. तीन तासांनी मांसाचा भुसा झाला होता. तोंडात घातलं तर ओल्या कापसासारखं लागत होतं आणि रस्सा पाणचट. डम्पलिंग्ज मात्र छान फुगली, कारण झाकण मी खरंच उघडलं नाही. रूममेटने दोन वाट्या खाल्ल्या आणि "चांगलंय, पथ्याचं आहे का?" असं विचारलं.

चूक कुठे झाली ते मी बग शोधतात तसं शोधलं. पाणी, आच, मीठ, वेळ, सगळं पाककृतीबरहुकूम होतं. उरली कोंबडी. आणि पाककृतीत तिच्याबद्दल एकच शब्द होता: 'एक'.

हा पदार्थ मुळात अंडी द्यायची थांबलेल्या कोंबडीचा आहे. शेतघरात कोंबड्या पाळायच्या त्या अंड्यांसाठी. मांस हा जोडधंदा. वर्षानुवर्षं हिंडून-उकरून खाल्लेल्या जुन्या कोंबडीत चिवट कोलॅजन भरपूर असतं. मंद आचेवर दोन-तीन तासांत ते विरघळून जिलेटिन होतं आणि रश्श्याला अंग येतं. हे तीन तास त्या कोंबडीचे होते.

ती कोंबडी नंतर बदलली, आणि कधी बदलली ते नोंदलेलं आहे. 1923 साली डेलावेअर राज्यात सिसिल स्टील नावाच्या बाईंनी 50 पिल्लं मागवली आणि चुकून 500 आली. त्यांनी ती परत न करता वाढवली आणि मांसासाठी विकली. अमेरिकेतल्या ब्रॉयलर धंद्याची सुरुवात इथून सांगतात. पुढे 'उद्याची कोंबडी' अशा नावाची देशव्यापी स्पर्धाच भरली. तिची 1948 सालची अंतिम फेरी कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हॅन्ट्रेस यांच्या संकराने जिंकली. फरक किती पडला? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी 1957, 1978 आणि 2005 या सालांतले वाण एकाच खाद्यावर वाढवून 2014 मध्ये निष्कर्ष छापले. छप्पन्नाव्या दिवशी सरासरी वजनं होती 905 ग्रॅम, 1808 ग्रॅम आणि 4202 ग्रॅम.

व्हॅन्ट्रेस हे नाव आजही 'कॉब-व्हॅन्ट्रेस' या कंपनीच्या नावात आहे, आणि आपल्याकडे ब्रॉयलरचा जो वाण 'वेनकॉब' म्हणून ओळखला जातो, त्यातलं 'कॉब' तेच. म्हणजे माझ्या पातेल्यातला दीड महिन्याचा पक्षी त्या स्पर्धेच्या गोतावळ्यातलाच म्हणायचा. पाककृतीतले तीन तास मात्र स्पर्धेआधीचे. आमच्या कामात हे रोज दिसतं. कोड बदलतो आणि वरची कमेंट तशीच राहते. नवा माणूस कमेंटवर विश्वास ठेवतो आणि फसतो.

काही पाककृतींनी हा बदल ओळखलेला दिसतो. त्या चाळीस मिनिटांतच कोंबडी बाहेर काढतात. पण मग रश्श्याला अंग नसतं. ते यावं म्हणून लोणी-मैदा परतून घालायचा, साय घालायची, नाहीतर डब्यातलं दाट सूप ओतायचं. यात वाईट काही नाही. माझी तक्रार इतकीच आहे की साय कशाची भरपाई करतेय हे एकही पाककृती सांगत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, हा पदार्थ असाच पांढरा आणि जड असतो.

इथे दोष मोजमापांना द्यायचा मोह होतो. 'पूर्वी सगळं अंदाजाने व्हायचं, हाताला चव होती' असं आपण हळहळून म्हणतो. मला ते पटत नाही. 1896 साली फॅनी फार्मर यांच्या बॉस्टन कुकिंग स्कूलच्या पुस्तकाने सपाट भरलेल्या कपा-चमच्याचा आग्रह धरला. आपल्याकडे 1970 मध्ये कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचं माप घरोघरी नेलं. अंदाज हा वारसा असतो, आणि तो ज्याला स्वयंपाकघरात उभं केलं त्यालाच मिळतो. आमच्या घरात ताईला उभं केलं, मला नाही. मी बाहेर अभ्यास करत होतो आणि ती आत बघून बघून शिकत होती. सत्ताविसाव्या वर्षी पातेल्यासमोर उभ्या राहिलेल्या माझ्यासारख्या माणसाला वाटी-चमचाच आत घेतो. माप हवंच. फक्त ते कशाचं माप आहे, हेही लिहायला हवं.

तसं लिहिणारेही सापडतात. अॅबी फिशर यांचा जन्म साउथ कॅरोलायनात गुलामगिरीत झाला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी स्वयंपाकात नाव कमावलं. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून 1881 सालचं त्यांचं पुस्तक त्यांनी सांगितलं आणि दुसऱ्यांनी उतरवून घेतलं. उतरवणाऱ्यांना दक्षिणेतले पदार्थ ओळखीचे नसावेत. जांबालायाचं 'जंबरली' झालं आणि सकोटॅशचं 'सर्किट हॅश'. या चुका मला फार मोलाच्या वाटतात. त्या वाचताना खोलीत दोन माणसं दिसतात: एक जाणणारी आणि एक लिहिणारी. पुस्तकाच्या नावातही 'मिसेस फिशर यांना काय ठाऊक आहे' असं स्पष्ट आहे. 'आजीच्या पद्धतीने' या बिरुदातल्या आजीला नाव नसतं, तिच्या कोंबडीला वय नसतं.

दुसऱ्या एडना लुइस. व्हर्जिनियातलं फ्रीटाउन हे गाव गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी वसवलं, त्यात त्यांचे आजोबा होते. 1976 साली आलेलं त्यांचं 'द टेस्ट ऑफ कंट्री कुकिंग' ऋतूंप्रमाणे मांडलेलं आहे. तळायची कोवळी कोंबडी वसंताच्या अखेरीस आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच मिळायची, हे त्या सांगतात. बेकिंग पावडर नाण्यावर मोजायची, केक झाला की नाही ते कान लावून ऐकायचं, असंही त्यांच्या स्वयंपाकात होतं. हे वाचताना स्मरणरंजन वाटू शकतं. मला तर हे उत्तम डॉक्युमेंटेशन वाटतं. पदार्थ कशावर उभा आहे ते सगळं त्यांनी लिहून ठेवलंय: ऋतू, पक्ष्याचं वय, करणारीचे कान.

दुसऱ्यांदा मी तो पदार्थ कराडजवळ आमच्या गावी केला. त्यात एक गोची होती. आईचं उजवं मनगट मागच्या वर्षी मोडलं होतं. हाड जुळलं, पण लाटण्यावर जोर देता येत नाही. तेव्हापासून घरी चकोल्या झालेल्याच नव्हत्या. मी तिची पाककृतींची वही काढली. लग्नापासूनची दोनशे पानी वही. त्यात अंडं न घालता केक आहे, पावभाजी आहे, गोबी मंचुरियन तर दोनदा आहे. चकोल्या नाहीत, अळणी नाही, भाकरी नाही. तिने जे बाहेरून शिकलं तेच लिहिलं. जे येतच होतं ते लिहायची तिला कधी गरज वाटली नाही.

मग ती खुर्चीवर बसली आणि सांगत गेली. मी लाटत गेलो आणि मधे मधे पिठाच्या बोटांनी मोबाइलवर टाइप करत गेलो. कोंबडी शेजारच्या काकूंकडची, अंड्यावरून उतरलेली. "कुकर आहे की घरात, गॅस कशाला जाळतोस?" असं आई दोनदा म्हणाली. मी पातेल्यावर अडून राहिलो.

"पीठ घट्ट," मी टाइप केलं.

"घट्ट नाही. पोळीपेक्षा घट्ट, पुरीपेक्षा सैल."

"कोंबडी किती वेळ?"

"शिजेपर्यंत."

"आई, असं चालत नाही."

ती जरा चिडली. मग उठली, डावाने तंगडी वर काढली आणि डाव्या हाताने हाडाचं टोक धरून फिरवलं. "हे बघ. फिरलं पण सुटलं नाही. सुटलं की झाली."

याला आम्ही टेस्ट म्हणतो. कोंबडी कुठलीही असो, वय काहीही असो, हाड सुटलं तर पास. 'तीन तास' एका विशिष्ट कोंबडीपुरतेच खरे होते. आईचं वाक्य ब्रॉयलरलाही लागू आहे. पहिल्या खेपेला ते माझ्याकडे असतं, तर मी अर्ध्या-पाऊण तासातच गॅस बंद केला असता. एवढी वर्षं ते वाक्य आमच्या स्वयंपाकघरात होतं. कुणी लिहिलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी हाड सुटायला दोन तास चाळीस मिनिटं लागली. मांसाला धागा होता, पण ओलावाही होता. उरलेला रस्सा फ्रीजमध्ये ठेवला, तो सकाळी वाटी उलटी केली तरी पडेना. आईने पहिला घास खाऊन "अळणीत चकोल्या घातल्यास, एवढंच ना," असा निकाल दिला आणि वरून चटणी घेतली. माझ्या चकोल्या जाड झाल्या होत्या. तेही तिने सांगितलं.

रात्री मी सगळं नीट लिहून काढलं, तिच्याच वहीत, मंचुरियननंतरच्या कोऱ्या पानावर. वर तिचं नाव घातलं, खाली 'सांगितल्याप्रमाणे' असं लिहून माझं. पहिली ओळ आहे: 'कोंबडी: गावठी, अंडी द्यायची थांबलेली, अंदाजे तीन वर्षांची, ब्रॉयलर असेल तर वेळ पाळू नये, हाड पाहावं.' सकाळी तिने चष्मा लावून वाचलं, पेन मागितलं आणि डाव्या हाताने, वाकड्या अक्षरात एक दुरुस्ती केली. तीन वर्षांची खोडून चार केलं.